त्रेसष्ट अंगठे

आमच्या मामांना सगळं गाव ‘अंगठेमामा’ म्हणायचं. सख्खा भाचा म्हणून माझा हक्क त्यामुळे जरा पातळ झाला, पण माझी तक्रार नव्हती. तक्रार होती मामीची. पोस्टमन, न्हावी, मामांहून वीस वर्षांनी मोठे असलेले डॉक्टर, सगळेच त्यांना मामा म्हणून हाका मारायचे. “एवढे भाचे,” मामी म्हणायची, “आणि कपाट हलवायचं म्हटलं की एकही सापडत नाही.”

मामा कचेरीत अंगठे घ्यायचे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे. जिन्याच्या डाव्या हाताला त्यांचं टेबल होतं. त्याचा एक पाय आखूड होता आणि खाली कुठल्याशा जुन्या कायद्याचं पुस्तक घातलेलं होतं. त्या कायद्याने कोणाला आधार दिल्याचं माझ्या ऐकिवात आलेलं हे एकच उदाहरण. टेबलावर काचेचा तुकडा, रबरी रूळ, काळ्या शाईची बाटली, रॉकेलची बाटली आणि एक फडकं. एवढ्या भांडवलावर मामांनी एकोणतीस वर्षं काढली.

लोकांना वाटतं अंगठा म्हणजे काय, शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. असं कोणी म्हटलं की मामांचा चेहरा गवयासमोर कोणी ताट वाजवल्यासारखा व्हायचा. “दाबायचा नसतो हो. लोळवायचा असतो. झोपलेल्या बाळाला कुशीवर वळवतात तसा.” समोरच्या माणसाला ते सांगायचे, “अंगठा माझ्याकडे द्या आणि तुम्ही खिडकीबाहेर बघा.” कारण माणूस कागदाकडे बघत राहिला की घाबरतो, घाबरला की दाबतो, आणि दाबला की रेषा बुजतात. मामांच्या टेबलावरून उठलेल्या अंगठ्याची रेघ न् रेघ सुटी दिसायची. शिंप्याच्या अंगठ्यावरची सुईची टोचणी दिसायची, गवंड्याच्या अंगठ्यावरच्या चुन्याच्या भेगा दिसायच्या. शाळेतल्या मास्तरांचा अंगठा त्यांना एकदा दुरून आवडला होता, पण मास्तर सही करायचे. “चांगला अंगठा वाया गेला,” असं मामा त्यांच्या तोंडावर म्हणाले होते.

फक्त डोंगरातल्या लोकांपुढे मामांचं काही चालायचं नाही.

हे लोक गावामागच्या डोंगरात गाव वसायच्या आधीपासून राहत होते. गावाला आठवणारे सगळे राजे त्यांच्यानंतरचे. समुद्रापलीकडून आलेलं जे सरकार तेव्हा आमच्यावर होतं, त्याच्या पणजोबांनी पहिली होडी पाण्यात ढकलली त्याच्याही कितीतरी आधीपासून हे लोक झाडाच्या सालीचे दोर वळत होते. आणि आता त्याच झाडांची साल काढायला त्यांना कचेरीतून परवाना लागत होता. स्वतःच्या स्वयंपाकघरात जाण्यासाठी दाराशी बसवलेल्या शिपायाकडून चिठ्ठी घ्यायची, असला प्रकार. चिठ्ठीवर अंगठा हवा, डाव्या हाताचा. आणि नेमका तोच त्यांच्याजवळ नव्हता.

म्हणजे अंगठा होता, पण कोरा. ओल्या सालीची पट्टी डाव्या अंगठ्याखाली धरून दगडाच्या धारेवरून ओढायची, की तिचे धागे सुटतात. हे काम लहानपणापासून. विशीपर्यंत अंगठा नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत व्हायचा. मामा तो कोमट पाण्यात धरायचे, त्याला खडूची पूड लावायचे, पुन्हा पुन्हा लोळवायचे. कागदावर उमटायचा तो एक काळा ठिपका. मग नियमाप्रमाणे ठिपक्याशेजारी ‘निशाणी अस्पष्ट, समक्ष घेतली’ असा शेरा लिहून मामा सही करायचे. असे शेरे त्यांनी हजारांनी लिहिले.

“या लोकांच्या बोटांवर देवाने काही लिहिलंच नाही,” हेडक्लार्क एकदा हसून म्हणाला.

“लिहिलं होतं,” मामा म्हणाले, “आपल्या दोरांपायी पुसलं गेलं.”

खोटं नव्हतं. कचेरीच्या विहिरीचा दोर त्यांचा, फायलींचे गठ्ठे बांधायची सुतळी त्यांची, आणि रोज सकाळी ज्या दोरीने सरकारचा झेंडा वर चढायचा ती दोरीसुद्धा त्यांचीच.

पुढचं बरंचसं मी मामीकडून ऐकलेलं आहे, थोडं मामांकडून, आणि एक भाग खुद्द हेडक्लार्ककडून. निवृत्त झाल्यावर त्याला वाटलं की ती गोष्ट आता गमतीची झाली आहे, म्हणून त्याने सांगितली. ती अजून गमतीची झालेली नाही.

युद्ध सुरू झालं. इथे ते आलं नाही, इथे त्याचे कागद आले. आमच्या सरकारचं दुसऱ्या एका सरकारशी कुठेतरी दूर फाटलं होतं. ते दुसरं सरकार लोकांना न विचारता त्यांच्यावर राज्य करायला निघालं आहे आणि हा अन्याय मुळीच खपवून घेतला जाणार नाही, असं कचेरीच्या भिंतीवरच्या पोस्टरवर आमच्या सरकारने आम्हाला बजावलं होतं. पोस्टरच्या एका कोपऱ्याला खळ पुरली नव्हती, त्यामुळे अन्यायाविषयीची ओळ कायम लोंबत असायची.

एका सोमवारी हुकूम आला. सैन्याची ओझी वाहायला हमाल पलटण उभी राहत होती, तिच्यासाठी डोंगरातून शनिवारपर्यंत त्रेसष्ट स्वयंसेवक हवे होते. आकडा आधी आला, स्वयंसेवक मागाहून आले. ते आले असे: गुरुवारी बाजार असायचा, डोंगरातले लोक दोर विकायला उतरायचे. सैनिकांनी बाजाराची दोन्ही तोंडं अडवली आणि पुरुष मोजून ट्रकमध्ये चढवले. बासष्ट भरले. एक कमी पडला. चढवलेल्यांत एक दोरवाला होता, तिशीतला. त्याचा धाकटा भाऊ मागच्या गल्लीतून निसटला होता, पण थोरल्याचं दोरांचं भेंडोळं बाजारातच राहिलं होतं, ते मागायला तो परत आला. आकडा पूर्ण झाला.

ट्रक गेले. शुक्रवारी दुपारी हेडक्लार्कच्या लक्षात आलं की करारनाम्याचे त्रेसष्ट फॉर्म कोरेच राहिले आहेत. ‘मी स्वखुशीने भरती होत आहे’ असं त्यावर छापलेलं होतं, तेवढी सोय सरकारने केली होती. फॉर्म पाचच्या टपालाने जायचे होते.

“मामा, त्रेसष्ट निशाण्या हव्यात,” हेडक्लार्क म्हणाला.

“बोलवा माणसं. घेतो.”

“माणसं काल गेली.”

“मग अंगठेही गेले. घरी काढून ठेवायची सोय अजून निघालेली नाही.”

“चेष्टा पुरे. तुम्हाला अंगठा आहे ना?”

मामांनी शाईच्या बाटलीचं बूच घट्ट केलं.

“अहो, कोण बघतंय? अंगठा लावायचा असतो, बघायचा नसतो. एवढ्या वर्षांत कोणी बघितलाय एक तरी?”

हे मात्र मामांना लागलं. कारण खरंच कोणी बघितला नव्हता. “मला जमणार नाही,” ते म्हणाले.

हेडक्लार्क टेबलावर टेकला. टेबल कायद्याच्या पुस्तकावर जरासं डुगडुगलं. “युद्धाचे दिवस आहेत, मामा. साहेब कालच म्हणत होते, हमाल पलटणीत लिहितावाचता येणारी चार माणसंही लागणार आहेत. वयाची अट ढिली केलीय म्हणे.”

मामांचं वय तेव्हा एकावन्न. उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरायचा. त्यांनी एकदा गुडघ्याकडे पाहिलं आणि शाईची बाटली उघडली.

मामा शूर नव्हते, हे मामी आजही ठासून सांगते. “उंदीर निघाला तर खुर्चीवर कोण चढायचं ते मला विचार.” मामांनी बाटली उघडली आणि साडेतीन तासांत त्रेसष्ट फॉर्मांवर स्वतःचा डावा अंगठा लावला. पण दुसऱ्या कोणाही लबाड माणसाला सुचली असती ती गोष्ट त्यांना सुचली नाही. दुसरा कोणी अंगठा फरफटवला असता, डाग पाडले असते, अर्धवट दाबला असता. मामांना वाईट अंगठा घेताच येईना. सवयीने ते स्वतः खिडकीबाहेर बघत राहिले आणि त्रेसष्टच्या त्रेसष्ट अंगठे एकाहून एक सुरेख उमटले. रेघ न् रेघ सुटी. आणि त्या रेघांमधून आरपार गेलेला एक तिरपा पांढरा चरा: कधीकाळी पेन्सिलीला टोक काढताना ब्लेड लागलं होतं, त्याचा. ‘निशाणी अस्पष्ट’ हा शेरा एकाही फॉर्मवर लिहावा लागला नाही. डोंगरातल्या माणसांचे अंगठे इतके स्वच्छ त्या कचेरीत पहिल्यांदाच आले होते आणि हेडक्लार्कने म्हटल्याप्रमाणे कोणीही बघितलं नाही.

घरी मात्र बघितलं. अंगठे घेणाऱ्या माणसाचा स्वतःचा अंगठा स्वच्छ असतो. काळे होतात ते दुसऱ्यांचे. मामीने चहाचा कप पुढे केला आणि हात मागे घेतला.

“आज हे काय? कोणासाठी लावून आलात?”

“कामाचं होतं.”

“रॉकेल संपलं का कचेरीतलं?”

“निघत नाही,” मामा म्हणाले. त्यांनी तीनदा घासला होता.

त्यानंतर आठ महिने काही झालं नाही. म्हणजे आमच्याकडे झालं नाही. जिथे ते त्रेसष्ट जण होते तिथे काय होत होतं, ते थोरला दोरवाला चालत परत आला तेव्हा डोंगरात कळलं. अकरा दिवस चालला होता. पाठीवर पेटीच्या कडांनी पडलेले दोन घट्टे, तळपाय सोलवटलेले. धाकटा भाऊ एका घाटात ओझ्याखाली बसला तो उठला नाही. वरच्या अधिकाऱ्याने ओझं दुसऱ्याच्या पाठीवर द्यायला सांगितलं आणि रांग पुढे निघाली. थोरला त्याच संध्याकाळी रांगेतून बाहेर पडला.

त्याला घरातच पकडलं. का पळालास, असं विचारल्यावर तो म्हणाला, “आईला सांगायला आलो. सांगून परत जाणार होतो.”

कायद्यात आईला सांगण्यासाठी कलम नव्हतं. स्वखुशीने भरती झालेला माणूस युद्धाच्या काळात पळाला तर त्याला फाशी, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. खटला आमच्याच कचेरीच्या वरच्या दालनात चालायचा होता. न्यायाधीश सैन्यातला, समुद्रापलीकडचा. आरोपीला वकील नाही. पुरावा एकच: फॉर्म. साक्षीदार एकच: अंगठा घेणारा. अंगठा आरोपीचाच आणि माझ्यासमोर घेतला, एवढं सांगून खाली यायचं. आणि तुरुंगाच्या भांडारात दोर कोणाचे असायचे, ते सांगायला नको.

खटल्याच्या तीन दिवस आधी दोरवाल्याची आई मामांच्या टेबलाशी आली. सुरकुतलेली, ताठ. ती सगळ्यांना अरे-तुरे करायची. एकदा साहेबालाही ‘बाजूला हो रे’ म्हणाली होती आणि साहेब नकळत बाजूला झाला होता.

“बस मावशी,” मामा म्हणाले.

ती उभीच राहिली. “माझ्या पोराचा अंगठा तू परवान्यावर दोनदा घेतलास. आठवतंय?”

“आठवतंय.”

“कोमट पाण्यात धरलास. खडू लावलास. आला?”

“नाही आला.”

“दोन्ही वेळा?”

“दोन्ही वेळा.”

“मग त्या कागदावर कसा आला? शिपाई म्हणतो, लख्ख आलाय. म्हणतो, इतका छान अंगठा त्याने बघितला नाही.”

एकोणतीस वर्षांत मामांच्या कामाची कोणी केलेली ती पहिली तारीफ. मामांनी फडकं उचललं आणि स्वच्छ काच पुन्हा पुसली. बाई तिथेच भिंतीला टेकून खाली बसली आणि पिशवीतून साल काढून वळू लागली. त्या दिवशी ती पाच वाजेपर्यंत तिथेच होती. दुसऱ्या दिवशीही. फक्त तिचा अंगठा सालीवरून सरसर फिरताना ऐकू यायचं, आणि मामांचे त्या दोन दिवसांचे सगळे अंगठे बिघडले.

त्या दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणापर्यंत मामा थांबले नाहीत, दारातच मामीला सगळं सांगून टाकलं. मामी आधी खाली बसली. मग उठली. मग म्हणाली, “बोललात तर?”

“खोटे कागद केले म्हणून मला आत टाकतील.”

“आणि नाही बोललात तर?”

मामा चपला काढत होते. एकच निघाली होती.

“त्या हेडक्लार्कच्या तोंडाला काळं फासायचं सोडून स्वतःच्या अंगठ्याला फासून आलात,” मामी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला की बरं असायचं. “मी तुम्हाला बोला म्हणणार नाही. माझ्या घरात कमावणारे तुम्ही एकटे. बोलू नका, असंही नाही म्हणणार. पण आजपासून त्या हाताने दिलेलं मी काही घेणार नाही.”

मामांना ते रागाच्या भरातलं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिऊन त्यांनी डाव्या हाताने कप पुढे केला. मामी बघत राहिली. मामांनी कप उजव्या हातात घेतला. मामीने तरी घेतला नाही. कप ओट्यावर ठेवला तेव्हा तिने उचलला. घरातली एवढीशी गोष्ट, पण मामा मला म्हणाले, “हेडक्लार्कची भीती वाटायची ती कचेरीपुरती. ही घरी यायला लागली.”

खटल्याचा दिवस. वरच्या दालनात बाकं कमी आणि माणसं जास्त. डोंगरातले लोक भिंतीला लागून उभे होते. दोरवाला बेड्या घालून मधे. न्यायाधीशाचं घड्याळ टेबलावर काढून ठेवलेलं होतं, कारण जेवणाआधी आटपायचं होतं. साहेबाची भाषा आमच्या भाषेत आणि आमची त्याच्या भाषेत करायला हेडक्लार्कच उभा होता. मामा पिंजऱ्यात चढले. हातात त्यांची कापडी पिशवी होती. सवयीची असेल म्हणून कोणी विचारलं नाही.

“हा अंगठा आरोपीचा आहे आणि तुमच्यासमोर घेतला आहे?” हेडक्लार्कने विचारलं.

“नाही,” मामा म्हणाले.

हेडक्लार्कने न्यायाधीशाकडे वळून अतिशय सफाईने ‘होय’ सांगितलं. न्यायाधीशाने मान हलवून ते लिहून घेतलं.

मामांना साहेबाच्या भाषेतले फार थोडे शब्द येत होते. त्यातला होकाराचा पक्का येत होता, कारण कचेरीत दुसरा कधी लागलाच नव्हता. त्यांनी हेडक्लार्ककडे पाहिलं. हेडक्लार्कने डोळ्यांनी सांगितलं, उतरा.

मामा उतरले. पण दाराकडे गेले नाहीत, न्यायाधीशाच्या टेबलाकडे गेले. पिशवीतून काच काढली, रूळ काढला, बाटली काढली आणि घड्याळ बाजूला सरकवून तिथे मांडली. एक सैनिक पुढे झाला. न्यायाधीशाने त्याला थांबवलं. कदाचित त्याला वाटलं असेल की इथे असंच करतात.

मामांनी शाई पसरली, दोरवाल्याजवळ गेले आणि त्याचा बेडीतला डावा हात धरला.

“खिडकीबाहेर बघ,” ते म्हणाले.

दोरवाल्याने बघितलं. खिडकीबाहेर झेंडा होता, आणि दोरी.

कागदावर काळा ठिपका उमटला. मामांनी त्याच कागदावर शेजारी स्वतःचा अंगठा लोळवला. तिरप्या चऱ्यासकट, सुरेख. मग पुराव्याचा फॉर्म त्याच्याजवळ ठेवला आणि पेन्सिलीने आधी चरा दाखवला, मग स्वतःचा अंगठा. एवढ्याला दुभाषी लागत नाही. न्यायाधीशाने नकाशे वाचायचं भिंग काढलं आणि बराच वेळ बघितलं. कचेरीच्या इतिहासात अंगठा भिंगातून बघणारा तो पहिला माणूस.

मामा थांबले नाहीत. फाईल तिथेच होती. त्यांनी दुसरा फॉर्म काढून भिंगाखाली सरकवला. तिसरा. चौथा. अकराव्याला न्यायाधीशाने हात वर केला. पुढचे बघितले असते तर त्यांवरही तोच चरा दिसला असता.

“साहेबांना सांगा,” मामा हेडक्लार्कला म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज भिंतीला लागलेल्या लोकांपर्यंत जात होता, “त्रेसष्ट माणसांना एकाच बोटाला, एकाच जागी, एकाच ब्लेडने कापलंय. एवढा मोठा अपघात झाला आणि सरकारने साधी मलमपट्टीही केली नाही.”

दालनात कोणीतरी हसलं. मग कोणी हसलं नाही.

“हसण्यासारखं नाही ते,” मामा म्हणाले. “हे मी केलंय. सांगितलं याने, केलं मी. स्वखुशीने कोणी गेलं नाही. बाजारातून उचलून नेलं, आणि मागाहून मी त्यांची खुशी तयार केली. हेही सांगा.”

हेडक्लार्कने काय सांगितलं कोणास ठाऊक. निवृत्तीनंतर त्याने मला सांगितलं ते एवढंच, की त्याला घाम फुटला होता आणि रुमाल घरी राहिला होता. हीच त्याची गंमत.

न्यायाधीश जेवायला वेळेवर गेला. निकाल दोन दिवसांनी आला. आरोपीचा करारनामा सदोष आढळल्याने त्याला सोडण्यात येत आहे. उरलेले बासष्ट करारनामे या न्यायालयापुढे नाहीत. साक्षीदाराने सरकारी दस्तऐवजात खोटेपणा केल्याचं स्वतः कबूल केल्याने त्याला दोन वर्षं सक्तमजुरी. हेडक्लार्कचं नाव निकालात नव्हतं; पुढच्या वर्षी ते बढतीच्या यादीत आलं.

सोडण्याआधी दोरवाल्याकडून एक कागद हवा होता: कोठडीत मला चांगली वागणूक मिळाली, माझी काही तक्रार नाही. त्यावर अंगठा. आणि अंगठा घेणारा माणूस तर शेजारच्या कोठडीत. शेवटी मामांना बेडी घालून त्यांच्याच टेबलाशी आणलं. डाव्या हाताला शिपाई बांधलेला, उजव्या हाताने मामांनी रूळ फिरवला, दोरवाल्याचा अंगठा लोळवला, ठिपका आला, आणि शेजारी त्यांनी लिहिलं: ‘निशाणी अस्पष्ट. तक्रार स्पष्ट. समक्ष घेतली.’ तो कागद पुढे कोणी वाचला असेल असं वाटत नाही.

दोरवाल्याची आई जिन्याशी उभी होती. मुलाला तिने एकदा डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग मामांपुढे आली. मामांना वाटलं, आता ही काहीतरी बरं बोलेल. हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं, आणि सांगताना स्वतःवरच चिडले.

“धाकट्याचा कागद कितवा?” तिने विचारलं.

मामांना तो शोधावा लागला नाही. “त्रेसष्टावा.”

“त्यावर कोणाचा अंगठा?”

“माझा.”

“त्याच्याबद्दल बोललास?”

“अकराव्यालाच थांबवलं, मावशी.”

“तुला थांबवलं,” ती म्हणाली. “त्याला कोणी थांबवलं नाही. अजून बासष्टदा बोल.”

आणि मुलाचा हात धरून जिना उतरून गेली.

मामी कोठडीवर चहा घेऊन आली होती. मामांनी पिऊन गजांमधून कप बाहेर दिला, विसरून डाव्या हाताने. मामीने तो घेतला. मामांना तो कप दोन वर्षं पुरला.

तुरुंगात आत घेताना त्यांचा अंगठा घेतला. घेणारा नवा होता, कागदावर दाबून मोकळा झाला. मामा भडकले. “माझा गुन्हा काय ते वाचलंय का? निदान हा तरी नीट घ्या,” म्हणाले आणि त्याच्याकडून तीनदा काढून घेतला.

सुटल्यावर नोकरी नव्हतीच. मामी शिवणकाम करायची, मामा बटणं लावायचे आणि लोकांचे अर्ज लिहायचे. दर गुरुवारी बाजार आटोपला की दोरवाल्याची आई येऊन ओट्यावर बसायची. मामीने दिलेलं पाणी तिने कधी घेतलं नाही. मामीनेही द्यायचं सोडलं नाही. एकेका गुरुवारी एकेका माणसाचा अर्ज: अमुक माणूस स्वखुशीने गेला नव्हता, करारनाम्यावरचा अंगठा माझा, खाली सही करणाऱ्याचा आहे; त्याचं नाव स्वयंसेवकांच्या यादीतून काढावं आणि तो कुठे मेला, कुठे पुरला, हे त्याच्या घरी कळवावं. बासष्टांपैकी एकोणीस परत आले होते. त्यांचेही अर्ज गेले. खाली त्या-त्या घरातल्या कोणाचा तरी ठिपका आणि मामांचा जुना शेरा.

उत्तरं यायची नाहीत. युद्ध संपलं. मग ते सरकारही गेलं, आपलं आलं. कचेरीवर झेंडा नवा चढला. दोरी तीच होती, चांगली होती. लोंबणारं पोस्टर कोणीतरी शेवटी काढलं. मामांनी सगळे बासष्ट अर्ज पहिल्यापासून पुन्हा लिहिले, कारण ते म्हणाले, आता वाचणारे आपले आहेत.

वाचणाऱ्यांनी खरंच वाचले. चार वर्षांनी, एका गुरुवारी, कचेरीचा शिपाई लिफाफा घेऊन आला. बाई ओट्यावर होती. मामांनी साठी ओलांडली होती, चष्मा नाकावर घसरत होता. उत्तर आपल्याच भाषेत होतं, आणि अदबीचं होतं. मामांनी ते मोठ्याने वाचलं.

“आपल्या बासष्ट अर्जांचा साकल्याने विचार करण्यात आला. मूळ करारनामे तपासले असता त्यावरील सर्व निशाण्या अत्यंत सुस्पष्ट आढळल्या. सबब संबंधित व्यक्ती स्वखुशीने भरती झाल्याबद्दल शंकेस जागा नाही.”

मामांनी चष्मा काढला.

“सुस्पष्ट,” ते म्हणाले. “असणारच. माझ्या आहेत.”

बाईने मांडीवरची साल बाजूला ठेवली. अंगठा पदराला पुसला आणि पुढे केला.

“कोरा कागद घे,” ती म्हणाली. “पहिल्यापासून लिही.”